शून्य ते शंभर, अन् मग?

अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता तुम्हाला माहीतच असेल. बडनेरा सोडलं की लोणी, पुढे माना, मग मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि अकोला. याच रस्त्याने जून २०२२ मध्ये गिनेस बुकात नाव लावलं. लोणी ते माना या पट्ट्यात ३ जूनला सकाळी काम सुरू झालं ते ७ जूनच्या संध्याकाळी थांबलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर. सातशेच्या वर माणसं राबत होती, तेही जूनच्या त्या उन्हात. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता आणि तो होता २५ किलोमीटरचा. म्हणजे वेगात रस्ता बांधायचा जागतिक विक्रम २०२२ मध्ये आपल्या वऱ्हाडाच्या नावावर झाला होता, हे एकदा छाती फुगवून सांगून घेते.

आता रस्ता असा असला की पायाला खाज सुटणारच. तुमच्या मोबाइलवरही ते रील्स येतच असतील. लाँच कंट्रोल, बूस्ट मोड, ‘सीटला चिकटलो भाऊ’, मागे ढिंच्याक गाणं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘अमरावतीत शोरूम कुठं आहे?’ या पानासाठी विषय ठरला तेव्हा आमचे सर म्हणाले, ‘फेरारी-बिरारीचं लिहू नको. आपल्या इथला पोरगा परफॉर्मन्स कार घेतो म्हणाला, तर त्याने घ्यावी का, ते लिही.’

तर तेच लिहिते. आणि सुरुवात एका आकड्याने करते.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल वेग आहे ताशी १०० किलोमीटर. एक्स्प्रेस-वेवर १२०. पालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ७०, आणि फलकावर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढाच. अमरावती-अकोला रस्ता चौपदरी, म्हणजे १००. आता महिंद्राची बीई ६ घ्या. चाकणला बनणारी, पूर्ण विजेवर चालणारी, सध्या आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात बसलेली गाडी. कंपनी सांगते, ही शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत गाठते. म्हणजे कायद्याने वागायचं ठरवलं तर बडनेऱ्याच्या पुढे तुमच्या गाडीचा ‘परफॉर्मन्स’ ६.७ सेकंद चालतो. त्यानंतर तुम्ही आणि तुमच्या शेजारच्या लेनमधली साधी हॅचबॅक एकाच वेगाने जाताय.

आणि वेळ किती वाचतो? साधी गाडी शंभरला पोचायला १२ सेकंद घेत असेल असं धरा. दोन्ही गाड्या एकाच ठिकाणाहून निघाल्या आणि दोघांनीही शंभरचा काटा पाळला, तर अकोल्यात तुम्ही त्याच्या अडीच-तीन सेकंद आधी पोचाल. सेकंद. मिनिटं नाही. टोल नाक्यावर तुमच्या फास्टॅगने एकदा ‘पुन्हा स्कॅन करा’ म्हटलं की तो तुमच्या पुढे.

पण पळते तर खरंच

गाडीला उगाच नावं ठेवायची नाहीत. मी टेस्ट ड्राइव्हला गेले तेव्हा शोरूमच्या दादाने रिकाम्या रस्त्यावर एकदा पाय दाबून दाखवला आणि माझ्या पोटात जे झालं ते पाळण्यात बसल्यावर होतं तसं होतं. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ताकद द्यायला आधी फिरावं लागतं. दोन-तीन हजार फेरे झाले की मग ते जोरात येतं, मध्ये गिअर बदलतात, त्यात क्षणभर जातो. विजेच्या मोटरचं तसं नसतं. जागेवर उभी असतानाच तिची जवळजवळ पूर्ण ओढ हजर असते. गिअर बदलायचेच नसतात. बीई ६ च्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची ताकद २८६ हॉर्सपॉवरची आहे आणि ती मागच्या चाकांना मिळते. दहा-बारा वर्षांपूर्वी एवढ्या ताकदीसाठी जर्मन गाडीच्या दारात उभं राहावं लागायचं.

म्हणून माझं मत असं आहे की हा प्रश्न आज आपल्यासाठी खरा झाला आहे. पूर्वी स्पोर्ट्स कार म्हणजे पोस्टर. भिंतीवर लावायचं आणि खाली बसून बारावीचा अभ्यास करायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आली तेव्हा सुरुवातीची किंमत १८ लाख ९० हजार होती, आणि मोठ्या बॅटरीचं वरचं मॉडेल २६ लाख ९० हजार. तेही एक्स-शोरूम. पोस्टरवरची गाडी एकदम हप्त्याच्या टप्प्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये याच गाडीची बॅटमॅन आवृत्ती काढली, २७ लाख ७९ हजारांची. आधी ३०० काढणार होते, मग ९९९ केल्या. त्या १३५ सेकंदांत बुक झाल्या. आपल्याकडे तात्काळ तिकिटाचं पेजसुद्धा तेवढ्या वेळात उघडत नाही.

खऱ्या परदेशी स्पोर्ट्स कारबद्दल एका परिच्छेदात आवरते, कारण तिथे विचार करायला फार जागाच नाही. पूर्ण बनून बाहेरून आलेल्या, ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, मिळून ११० टक्के. म्हणजे बंदरावर एक कोटीची असलेली पेट्रोल गाडी दोन कोटी दहा लाखांची होते. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी, झाले दोन कोटी चौऱ्याण्णव लाख. मग आपल्या राज्याचा रस्ता कर, ज्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. सव्वातीन कोटींपर्यंत गेला की नाही हिशेब? विक्रेत्याचा नफा आणि विमा वेगळाच. एक कोटीच्या गाडीसाठी सव्वादोन कोटी सरकारला. ज्याला हे परवडतं तो या पानावर सल्ला शोधत नाही.

विजेच्या गाडीवर मात्र जीएसटी ५ टक्केच आहे. राज्याच्या २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या ई-गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला होता, तोही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मागे घेतला. म्हणूनच वेग आता विजेच्या गाडीत स्वस्त मिळतोय.

सहा क्विंटल सोयाबीन

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. त्याचं घर दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. घरी सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे सगळं पावसावर. भाऊ २६ वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत नोकरीला, हातात महिन्याला पंचावन्न हजार येतात. दिवाळीत घरी आला आणि जेवताना सांगितलं, ‘यंदा बीई ६ घेऊन टाकतो म्हणतो. हप्ता भरता येईन ना मले.’

काकाजी काहीच बोलले नाहीत. ताटातला घास तसाच हातात. मावशीने फक्त विचारलं, ‘किती बसते बाप्पा हप्ता?’

त्याला नक्की आकडा माहीत नव्हता. तो आपण काढू. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता येतो ३२ हजार १७८. सात वर्षांत बँकेत जातील २७ लाखांच्या थोडे वर, त्यात व्याज सात लाख. पगारातले साठ टक्के गेले. उरलेल्या तेवीस हजारांत पुण्याचं भाडं, मेस, विमा आणि घरी पाठवायचे पैसे.

हाच हप्ता आता शेताच्या भाषेत मांडून बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५ हजार ३२८ रुपये क्विंटल आहे. म्हणजे एक हप्ता म्हणजे सहा क्विंटल सोयाबीन, वर्षाचे ७२. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल पिकलं असं धरलं तर साडेचौदा एकरांचं अख्खं पीक वर्षाला फक्त हप्त्यात जातं. आणि हे बियाणं, खत, फवारणी, मजुरी काही न वजा करता. हमीभाव मिळाला तर. पाऊस नीट झाला तर. या दोन ‘तर’बद्दल वऱ्हाडातल्या माणसाला मी काय सांगायचं?

भाऊ म्हणाला, ‘हप्ता मी पगारातून भरीन, वावरातून नाही.’ बरोबर आहे. पण बँकेने जामीनदार मागितला तर तो कोण राहणार होता? आणि नोकरी सहा महिने गेली तर सहा क्विंटल कुठून येणार होते? गाडीची विमा किंमत कशी घसरते तेही बघून घ्या. विम्याच्या प्रचलित तक्त्यात सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा लावतात, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनी गाडी निम्मी आणि कर्जाचे चोवीस हप्ते अजून बाकी. वावराचा भाव तरी या दिशेने जात नाही.

मी त्याला ‘घेऊ नको’ म्हटलं नाही. म्हटलं, २० लाखांचं कर्ज काढायच्या ऐवजी ८ लाखांचं निघेल एवढे पैसे साठेपर्यंत थांब. त्याने ‘तुले गाड्यातलं काय समजते’ म्हणून वाटेला लावलं. असो.

रोही, बंडी आणि रडार

या गाड्यांत नुसता वेग नसतो, तंत्रज्ञानही भरलेलं असतं. समोरची गाडी हळू झाली की आपण हळू होणारी, लेन सोडली की स्टिअरिंग हलवून सांगणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक मारणारी. याला एडास म्हणतात. कॅमेरा आणि रडार पुढचं बघत असतात. चांगली गोष्ट आहे, जीव वाचवते. बीई ६ ला भारत एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारेही मिळाले आहेत.

पण ही यंत्रणा ज्या रस्त्याची सवय गृहीत धरते तो रस्ता आखीव असतो. पांढरे पट्टे ठळक, सगळी वाहनं एका दिशेने, प्रत्येकाला मागे दिवा. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी कपाशी भरलेली, मागचा दिवा नसलेली ट्रॉली असते. बंडी असते. सर्व्हिस रोडवर तूर वाळत घातलेली असते. उलट्या बाजूने ‘जवळच तर जायचं’ म्हणून येणारी मोटारसायकल असते. आणि रोही असतो. बाहेरच्या वाचकांसाठी, रोही म्हणजे नीलगाय. चांगला दोन-अडीचशे किलोचा नर तुरीच्या शेतातून थेट डांबरावर उडी मारतो आणि मध्येच थांबून तुमच्याकडे बघतो. अशा वेळी रडारने ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर? गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की जबाबदारी चालकाचीच.

म्हणून थांबायचा हिशेब माहीत असायला हवा. तो मी शाळेच्या भौतिकशास्त्राने काढलाय. रस्ता कोरडा, टायर चांगले, आणि रोही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत तुम्हाला एक सेकंद लागला. ताशी १०० ला त्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेली, मग ब्रेक लागून थांबायला साधारण ४९ मीटर. एकूण ७७. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची, म्हणजे जवळजवळ चार खेळपट्ट्या. ताशी १४० ला हेच अंतर १३५ मीटर होतं. १६० ला १७० मीटर, साडेआठ खेळपट्ट्या. रात्री डिपरवर तुम्हाला नीट दिसतं चाळीस-पन्नास मीटर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी रील्समध्ये कुणी सांगत नाही. तीनशे हॉर्सपॉवरची गाडी पोचते लवकर, पण थांबते तेवढ्याच भौतिकशास्त्राने. वेग ४० टक्के वाढला की गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते. ती ऊर्जा शेवटी चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवरून जिरवायची असते. विजेची गाडी तर बॅटरीमुळे आणखी जड.

टायरवर लिहिलेलं कधी वाचलंय? आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. टी म्हणजे १९० पर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. ही मर्यादा नव्या, योग्य हवा भरलेल्या टायरची. परफॉर्मन्स गाडीचा रुंद टायर बदलायची वेळ आली की किंमत ऐकून बरेच जण ‘चालते ना’ म्हणून कमी अक्षराचा बसवतात. आणि मग मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना, दुपारी दोन वाजता त्याच टायरवर समृद्धीला चढतात. डांबर तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं.

समृद्धीचं नाव निघालंच आहे तर. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आपल्या धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर भागातून तो जातो. रस्त्याची आखणी १५० च्या वेगासाठी आहे, पण कारला परवानगी १२० ची, घाटात १००. आखणी १५० ची म्हणून १५० ने जायचं, असा युक्तिवाद मी किमान चार मित्रांकडून ऐकलाय. पूल वीस टनांचा भार सोसतो म्हणून कुणी रोज वीस टन नेत नाही ना?

१,७५८ रुपये

१९ मे २०२४ ची पहाट, पुण्याचं कल्याणीनगर. पोर्शे टायकन, विजेवर चालणारी, दीड कोटीच्या वरची गाडी. चालवणारा १७ वर्षांचा. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. दोघेही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. तुमच्या-माझ्या वयाचेच म्हणायचे. आरोपी मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तो सगळा गदारोळ तुम्हाला आठवत असेल.

मला त्यातला दुसराच तपशील विसरता येत नाही. त्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. विजेची गाडी असल्याने रस्ता कर माफ होता. भरायचं होतं फक्त १,७५८ रुपये शुल्क. मार्चपासून ते राहिलं होतं. दीड कोटी देणाऱ्या घराला सतराशे अठ्ठावन्न रुपये भरायला दोन महिने जमलं नाही, आणि तरीही गाडी रस्त्यावर होती, तीही लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवते, कारण लहान भाऊ ‘फक्त चौकापर्यंत’ म्हणून किल्ली मागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. वेगमर्यादा मोडल्याचा दंड मात्र कारला एक ते दोन हजारच. २७ लाखांच्या गाडीपुढे हा दंड म्हणजे एका पिझ्झा पार्टीचा खर्च. तिथेच घोळ आहे, असं मला वाटतं.

मग हौस कुठे भागवायची?

आपल्या राज्याने स्वतःची स्पोर्ट्स कारही बनवून पाहिली होती. डीसी अवंती. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिसली तेव्हा आमची पिढी तिसरी-चौथीत होती आणि वहीच्या मागच्या पानावर ती काढायची. रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५० हॉर्सपॉवर, किंमत सुमारे ३५ लाख. ‘भारताची पहिली स्पोर्ट्स कार’ म्हणून कौतुक झालं. मोजक्याच बनल्या. डिसेंबर २०२० मध्ये तिचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांना मुंबई पोलिसांनी फसवणुकीच्या आरोपाखाली अटक केली. गाड्यांवर एकाहून अधिक कर्जं काढल्याचा तो आरोप होता. कोर्टाचं कोर्टात. माझा प्रश्न ज्याने हौसेने ३५ लाख मोजले त्याच्या बाजूने आहे. बंपर तुटला तर तो कुठे जातो? कमी संख्येने बनलेली कुठलीही गाडी घेताना हा प्रश्न आधी विचारा. आपल्या शहरात तिचं सर्व्हिस सेंटर आहे का? की नागपूर, पुण्याला ट्रकवर घालून न्यायची?

वेग स्वस्तातही मिळाला आहे, हे विसरू नका. २०१८ मध्ये टाटाने टियागो जेटीपी आणली, ११४ हॉर्सपॉवरची, किंमत ६ लाख ३९ हजार. लोकांनी फारशी घेतली नाही, २०२० मध्ये बंद झाली. आज सेकंडहँडमध्ये ती किंवा चाकणचीच पोलो जीटी शोधत फिरणारे भिडू अमरावतीतही आहेत. अशी गाडी घेणार असाल तर आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, इंजिनाचं ‘रिमॅप’ केलंय का ते विचारा. केलं असेल तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आणि वेगच हवा असेल, गाडीची मालकी नको असेल, तर अकोल्यातून खाली पुण्याकडे नाही, वर इंदूरकडे बघा. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. जून २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक, वळणं अशी कललेली की २५० च्या वेगातही गाडी बाहेर फेकली जात नाही. कंपन्या इथे गाड्यांचा कमाल वेग तपासतात. तिथे कुणीही जाऊन गाडी पळवू शकत नाही. पण इंजिनिअरिंगला असाल तर एक दार आहे. एसएई इंडियाची बाहा स्पर्धा पिथमपूरलाच होते, जिथे विद्यार्थ्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या गाड्या खड्ड्यांत पळवतात. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत होते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री दोनपर्यंत ग्राइंडर चालवणाऱ्या पोरा-पोरींना गाडी का पळते हे शोरूमच्या दादापेक्षा जास्त माहीत असतं.

तर घ्यावी का? माझं उत्तर असं. तुमच्या नावावर दुसरं कर्ज नाही, गाडीच्या किमतीतले निम्म्याहून जास्त पैसे तुमच्या स्वतःच्या कमाईचे आहेत, वावर किंवा घर कुठेही गहाण पडत नाही, आणि घरी चार्जरला जागा आहे, तर चाकणची विजेची गाडी घ्या, मजा करा. ७९ युनिटच्या बॅटरीला कागदावर ६८० किलोमीटरच्या वर जमतात, कंपनी स्वतःच प्रत्यक्षात ५०० च्या आसपास सांगते. अमरावती-अकोला जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे मेच्या उन्हात एसी लावूनही काळजी नाही. घरच्या मोठ्या चार्जरवर ती रात्रभरात भरते, पण त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर लावली तर आख्खा दिवस जातो, आणि मधे लाइट गेली की काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. परदेशी पेट्रोल स्पोर्ट्स कार आपल्या रस्त्यावर नकोच. प्रमाणित गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो, आपल्या गावचा गावकऱ्यांनी स्वतः घातलेला असतो.

आणि हप्ता पगाराच्या तिसऱ्या भागावर जात असेल, तर थांबा. गाडी कुठे पळून जात नाही. खरंतर दर वर्षी नवीन, जास्त वेगवान आणि बहुतेक स्वस्तच येतेय.

टेस्ट ड्राइव्हला जालच. तर एक करा, स्टिअरिंगला हात लावायच्या आधी मागच्या सीटवर बसा. उतरत्या छताखाली डोकं किती मोकळं राहतं, मागची काच किती लहान आहे, मांडी टेकते का, ते बघा. शक्य असेल तर आईला सोबत न्या आणि तिला तिथे बसवून बोरगाव मंजूपर्यंत जाऊन या. माझी मावशी शोरूममध्ये गेली होती. दहा मिनिटं शांत बसली, मग पुढे वाकून भावाला म्हणाली, ‘बाप्पा, पाय सुन्न झाले माह्ये.’ त्याने अजून बुकिंग केलेलं नाही. पण त्याच्या मोबाइलचा वॉलपेपर अजून तीच गाडी आहे.